निकेलची छत्री

त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाशी भांडत होते, म्हणजे दिवस अगदी नेहमीसारखाच होता. आमचं मुलाम्याचं दुकान आहे. लोक जुने नळ, दारांच्या मुठी, कुलपं, सायकलींची हँडलं आणून टाकतात आणि आम्ही त्यांच्यावर निकेल चढवून चकाचक करून देतो. मागे नवऱ्याच्या टाक्या, पुढे माझा काउंटर. धंदा त्यांच्या हातांवर आणि माझ्या जिभेवर चालतो असं ओळखीचे सगळे म्हणतात. त्यातला दुसरा भाग जास्त खरा आहे असं माझं मत आहे.

गिऱ्हाइकाचं म्हणणं, नळाचा मुलामा लगेच उडाला. मी म्हणणार होते, "नळ तारेच्या घासणीने घासलात, मग उडणार नाही तर काय?" तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "चमचा." मी पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा चमचाच. गिऱ्हाईक हसलं. मी चिडून आणखी काहीतरी बोलले आणि ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. डोक्यात सगळं लख्ख होतं. नळ समोर दिसत होता, तो नळच आहे हे कळत होतं, फक्त त्याचं नाव कुणीतरी उचलून नेलं होतं. उजवा हात काउंटरवर पडला होता आणि तो मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

थोड्या वेळाने जीभ परत आली. तोवर हे मागून धावत आले होते आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उभे होते. मी म्हटलं, "बघताय काय? त्या माणसाचा नळ द्या आधी." त्यांनी नळ दिला नाही, दुकान तसंच टाकून मला हॉस्पिटलात नेलं.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या, आणि शांत डॉक्टर मला जास्त घाबरवतात. त्यांनी कागदावर हृदय काढलं. आईच्या पोटात असताना प्रत्येकाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक छोटं दार असतं, जन्मल्यावर ते चिकटून बंद होतं. माझं झालं नाही. पायात कुठेतरी रक्ताची बारीक गुठळी झाली, ती त्या दारातून पलीकडे गेली आणि तिथून थेट मेंदूत.

"या वेळी ती विरघळली," त्या म्हणाल्या.

त्यांनी नंतर बरंच सांगितलं, पण मी 'या वेळी'लाच अडकले होते.

घरी आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, वाटच बघत होत्या. त्या आमच्याकडेच राहतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं तोंड कधी मिटलं नाही, मग दार तरी कसं मिटेल?" मी हसले. त्याही हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावून आत निघून गेल्या.

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या डबीतून एक वस्तू काढून माझ्या तळहातावर ठेवली. बारीक तारेच्या जाळीच्या दोन चकत्या, मध्ये आखूड मानेने जोडलेल्या. मांडीच्या शिरेतून एक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून ही मिटलेली वस्तू आत जाते आणि छत्रीसारखी उघडते. एक छत्री दाराच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि मध्ये दार दाबून बंद. हळूहळू शरीर तिच्यावर आपलं अस्तर चढवतं. छाती उघडावी लागत नाही.

दुसरा कुणी नवरा असता तर दुखतं का, किती दिवस राहावं लागतं, असं काही विचारलं असतं. आमच्या ह्यांनी ती चकती उजेडाकडे धरली आणि विचारलं, "धातू कुठला?"

"निकेल आणि टायटॅनियम. साधारण निम्मं निम्मं."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या ते लक्षात आलं. मी काही न बोलता केस मागे सारून त्यांना माझे कान दाखवले.

निकेलने आमचं घर पोसलं आणि चावलं ते मलाच. लग्नानंतर मी मागे टाक्यांपाशी काम करायचे, तयार माल धुवायचे, पुसायचे. माझे हात फुटले. बोटांमधून पाणी यायला लागलं. साधे कानातले घातले की कान चिघळायचे, घड्याळाचा पट्टा बांधला की मनगटावर लाल कडं उठायचं. तेव्हापासून मी काउंटरला. कानात सोन्यातले बारीक खडे सोडून काही नाही, आणि पाकिटातली नाणीसुद्धा मी फार वेळ हातात धरत नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पाठीवर निरनिराळ्या धातूंच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवसांनी काढल्या. बाकी पाठ स्वच्छ होती. निकेलच्या जागी मात्र अशी आग उठली होती की मला पाठीवर झोपता येईना.

"मग आता?" ह्यांनी विचारलं.

"आता विचार करायचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कातडीला निकेल चालत नाही म्हणजे हृदयात चालणारच नाही, असं नाही. अशा बहुतेकांना काही होत नाही. क्वचित कुणाला धडधड, छातीत दडपण, डोकेदुखी होते आणि बहुधा जाते. फारच क्वचित ते काढावं लागतं. तेव्हा मात्र छाती उघडावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे आधीच छाती उघडून दार शिवून टाकायचं. तिसरा, नुसत्या गोळ्यांवर राहायचं. गोळ्यांनी गुठळीचा धोका कमी होईल, दार उघडंच राहील. माझं मत छत्रीच्या बाजूने आहे."

"म्हणजे हमी नाही," हे म्हणाले.

"हमी नाही."

आमच्या दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'एक वर्षाची हमी'. ती पाटी ह्यांनी स्वतः रंगवली आहे. हमी नाही असं कुणी तोंडावर सांगितलं तर काय करायचं ते ह्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ती डबीतली वस्तू घरी दाखवायला मागून घेतली. ती नुसती दाखवायचीच होती, मुदत उलटलेली, म्हणून बाईंनी दिली. परत आणा म्हणाल्या.

घरी ती कुणाला दाखवली गेलीच नाही, सरळ दुकानात गेली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आलेल्या मालाच्या वरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. सोनेरी दिसतं ते पितळ असतं, रुपेरी दिसतं त्याच्या पोटात लोखंड असतं, आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की वस्तू अस्सल आहे. म्हणून आधी पॉलिश पेपरने एक कोपरा घासायचा, वरचा थर काढायचा, आणि मग बघायचं. निकेल आहे का ते बघायला आमच्याकडे एक औषध असतं. कापसाच्या काडीवर दोन थेंब घ्यायचे आणि घासलेल्या जागी चोळायचं. निकेल असेल तर कापूस गुलाबी होतो. सासऱ्यांनी ह्यांना शिकवलं ते हेच, आणि ह्यांनी आयुष्यात एकही वस्तू न घासता तपासलेली नाही.

मी काउंटरवरून उठून मागे गेले तेव्हा हे खिडकीजवळ उभे होते. एक चकती घासून पांढुरकी झाली होती. हातातल्या काडीचा कापूस फिकट होता, पण गुलाबी होता.

मी त्या कापसाकडे बघत राहिले. एवढीशी काडी. हातावर उठलेलं पुरळ मी वर्षानुवर्षं खाजवलं आहे. हृदयाला खाज आली तर खाजवायचं कुठे?

"नाही बसवायचं," हे म्हणाले.

"बाई म्हणाल्या की बहुतेकांना..."

"बाईंनी कापूस बघितला नाही. मी बघितला. निकेल सुटतंय त्यातून. तुझ्या हृदयात सुटत राहणार. रोज."

"मग छाती उघडायची?"

"त्याचंही बघू. गोळ्या आहेत ना? थोडं थांबू."

वन्संना कळल्यावर त्यांनी भावाची बाजू घेतली. अंगात धातू घालायचाच कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी गुडघ्यात काहीतरी बसवलं होतं आणि त्याला थंडीत ते कळायचं. गुडघ्याचा आणि हृदयाचा काय संबंध, असं मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही थांबायचंच होतं. मला छत्रीची भीती होती, छाती उघडायची भीती होती आणि काहीच न करायचीही होती. थांबण्यात निदान आज काही करावं लागत नाही.

मग ते थांबणं सुरू झालं. सकाळी डोळा उघडला की मी आधी जीभ तपासायची. स्वयंपाकघरात उभं राहून दिसेल त्याचं नाव मोठ्याने घ्यायची, पातेलं, झाकण, चाळणी, चिमटा. एखादं नाव यायला क्षणभर उशीर झाला की मी यादी पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. आपण विसरलो, की जीभ विसरली? दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना मी शब्द आधी मनात म्हणून बघायला लागले. माझं भांडण मिळमिळीत झालं. एका माणसाने तर विचारलं, "आज बाई नाहीत का?" मी समोरच बसले होते.

आणि ह्यांचं वेगळंच. दुकानातून निघताना हे हात कोपरापर्यंत खरवडून धुवायचे, कपडे तिथेच बदलायचे, घरी येऊन पुन्हा धुवायचे. माझा पेला स्वतःच्या हाताने द्यायचे नाहीत, टेबलावर ठेवायचे. पलंगावर मध्ये एक हात जागा सोडून झोपायचे. ते माझी काळजी करत होते, हे कळत होतं मला. पण मला त्या काळजीचा राग यायचा. एवढी वर्षं ह्याच हातांनी माझ्या फुटलेल्या बोटांना मलम लावलं होतं.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला की हे म्हणायचे, "विचार चालू आहे."

शेवटी एका दुपारी मीच विषय काढला. जेवणं झाली होती, वन्सं बाहेर कपडे वाळत घालत होत्या, हे चहा घेऊन पुन्हा दुकानात जायच्या बेतात होते. मी म्हटलं, "असं किती दिवस थांबायचं?"

"कळेपर्यंत."

"काय कळेपर्यंत?"

"दुसऱ्या कुठल्या धातूचं मिळतं का ते. मी चौकशी करतोय."

"कुणाकडे? नळवाल्यांकडे?"

"हे बघ," ते चिडले, "डॉक्टरला हृदय कळत असेल. निकेल मला कळतं. त्या टाक्यांवर माझा जन्म गेला, मला निकेल शिकवू नकोस."

ह्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. चांगलं झणझणीत होतं. तुम्हाला निकेल कळतं आणि मला मी कळते, मला भीती वाटते, रोज सकाळी वाटते, मला ती छत्री बसवायची आहे, हे सगळं एका दमात म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. काही आलं नाही.

चुकीचा शब्दसुद्धा आला नाही. घशातून नुसता श्वास आला. उठायला गेले तर उजवं अंग साथ देईना, मी बसल्या जागी बसून राहिले.

हे माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धरलास अबोला?"

आमच्या घरात माझा अबोला प्रसिद्ध आहे. मी धरला की तो दिवसभर टिकतो. ह्यांनी त्यावर एक उपाय शोधून काढलेला आहे. मला एकटं सोडायचं, दुकानात जाऊन मन लावून काम करायचं आणि संध्याकाळी येताना काहीतरी गोडधोड आणायचं. वर्षानुवर्षं तो उपाय लागू पडला आहे. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसते ती रागानेच बसते, असं ह्यांना वाटलं ह्यात त्यांचा काय दोष?

"बस मग," ते म्हणाले. "संध्याकाळी बोलू."

नाही, मी म्हणत होते. जाऊ नका. हा अबोला नाही. मी डोळ्यांनी सांगायचा प्रयत्न केला. रागावलेली बाईही अशीच डोळे मोठे करून बघते. त्यांनी चपला घातल्या. दार ओढून घेतलं. जिन्यावरून त्यांची पावलं उतरत गेली आणि रस्त्याच्या आवाजात मिसळली, आणि मी त्यांना हाक मारू शकले नाही.

तशी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. पहिल्या वेळी सगळं इतकं अचानक झालं की घाबरायला सवड मिळाली नाही. आता सवड होतीच. भिंतीवर घड्याळ चालू होतं. बाहेर वन्सं चिमटे लावत होत्या, त्याचा टकटक आवाज येत होता. चार पावलांवर माणूस होतं आणि मला त्याला बोलावता येत नव्हतं.

वन्सं आत आल्या त्या बोलतच. "भांडलात वाटतं? गेला तरातरा." मग त्या थांबल्या. माझ्या उजव्या हातातला कप कलंडला होता, चहा मांडीवर सांडत होता. गरम चहा. आणि मी त्याकडे बघतही नव्हते, कारण मला तो लागतच नव्हता. वन्सं ज्या ओरडल्या ते खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

या वेळी जीभ लगेच परत आली नाही. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले शब्द आले, तेही ओढून काढावे लागले. उजव्या अंगठ्याच्या टोकाला बधिरपणा राहिला तो राहिलाच. हे पलंगाशेजारी बसले होते. दाढी वाढलेली, कपडे दुकानातलेच, हातावर टाकीचे डाग तसेच. ते धुवायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"मला वाटलं अबोला धरलास," ते म्हणाले आणि पुढे त्यांना बोलता येईना. म्हणजे त्या सकाळी आम्ही दोघंही सारखेच.

डॉक्टरीणबाई आल्या. ह्यांनी खिशातून ती डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उघडली, खिडकीपाशी नेली, डोळे बारीक करून बघितलं.

"ही चकती अशी का झाली?"

"घासली."

"कशाला?"

"तपासायला. घासल्याशिवाय कळत नाही." ह्यांनी सगळं सांगितलं, पॉलिश पेपर, औषध, गुलाबी कापूस. शाळेत पकडलेल्या पोराने सांगावं तसं एकेक सांगितलं.

मला वाटलं बाई चिडतील. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "तुमच्याकडे वरचा थर खोटा असतो, म्हणून तुम्ही तो काढून टाकता. बरोबर? ह्या धातूचं उलटं आहे. वर टायटॅनियमची एक अगदी पातळ साय धरते. ती दिसत नाही, पण आतल्या निकेलला तीच धरून ठेवते. ह्या वस्तूत जे काही काम आहे ते त्या सायीचं आहे. तुम्ही ती साय आधी खरवडून काढलीत आणि मग बघितलंत की निकेल बाहेर येतं का."

ह्यांनी ती वस्तू बाईंच्या हातातून घेऊन उलटी केली. म्हणाले, "दुसरी चकती घासलेली नाही."

ती डबी घेऊन ते उठले आणि दुकानात जाऊन आले. आले तेव्हा त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेल्या चार काड्या होत्या. सगळ्यांचा कापूस पांढरा. न घासता, नुसता चोळून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी असं केलं होतं आणि त्यांना ते पटलं नसणार, म्हणूनच एका काडीच्या चार झाल्या.

"मी ह्यावरून हमी देणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमची परीक्षा घटकाभराची. हृदय कायम हलत राहणार. सुरुवातीला थोडं निकेल रक्तात येतंही, मग कमी होत जातं. ह्यांना त्रास होणारच नाही असं मी आजही म्हणत नाही."

"मग छाती उघडून शिवा," हे म्हणाले. "ते तरी खात्रीचं."

"तेही खात्रीचं नाही. त्याचे धोके वेगळे, आणि ह्यांच्या बाबतीत मला ते जास्त वाटतात."

"पण धातू तर नाही ना जाणार आत!"

"अहो," मी म्हटलं.

दोघंही माझ्याकडे वळले. मी हळूहळू बोलले, एकेक शब्द धरून, कारण अजून घाई केली की शब्द निसटत होते. "तुमच्या दोघांच्या बोलण्यात मी दुरुस्तीला आलेला नळ झालेय. मला विचारा. खाजेची भीती मला आहे. पण ती मी ऐकलेली भीती आहे. जीभ जाते ते मी दोनदा भोगलं. काल तुम्ही जिना उतरत होतात आणि मला हाक मारता येत नव्हती. मला छत्री बसवायची आहे."

हे मी फार शूरपणे बोलले असं कुणी समजू नये. कुणी जरा जोर लावून 'नको' म्हटलं असतं तर मी बहुधा ऐकलं असतं. कुणी म्हटलं नाही. ह्यांनी मान खाली घातली, मग माझा बधिर अंगठा आपल्या डागाळलेल्या मुठीत धरला.

"आत गेलं की मग परत नाही ना घेता येत?" मी बाईंना विचारलं.

"छत्री उघडल्यावरही ती तारेला जोडलेली असते. ओढून बघते मी, नीट बसली का ते. तोवर परत नळीत घेता येते. एकदा तार फिरवून सोडली की मग ती तुमची."

"सोडायच्या आधी मला विचारा."

"तुम्ही तेव्हा गुंगीत असाल."

"असू दे. विचारा."

फायलीवर काहीतरी टिपत त्या म्हणाल्या, "बरं. विचारीन."

ऑपरेशनची खोली थंड होती. छातीवर तारा चिकटवल्या, मांडीपाशी टोचलं, ती जागा बधिर झाली. मला गुंगीचं औषध थोडंच दिलं होतं. डोळे जड होत होते, पण भीती काही जड होईना. ती टक्क जागी होती. डाव्या बाजूला पडद्यावर सगळं करडं करडं दिसत होतं आणि त्यातून एक काळी रेघ वर सरकत होती. ती माझ्या आत सरकत होती आणि मला जाणवत नव्हती. छातीत मधूनच एक ठोका चुकायचा, मग दोन एकदम यायचे.

"पहिली उघडली," डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. पडद्यावर एक बारीक आडवी रेघ उमटली. मग दुसरी. दोन्हींच्या मध्ये माझं ते जन्मापासून उघडं राहिलेलं दार.

"आता ओढून बघतेय. घाबरू नका."

छातीत काहीतरी हललं. दुखलं नाही. आपल्या घरात कुणीतरी कपाट सरकवतंय असं वाटलं. पडद्यावरच्या रेघा ओढल्या गेल्या आणि पुन्हा जागेवर आल्या. पुन्हा एकदा. छत्री हलली नाही.

"छान बसलीय," बाई म्हणाल्या. त्या माझ्या डोक्याशी वाकल्या. मास्कच्या वरून फक्त डोळे दिसत होते. "मी विचारीन म्हटलं होतं. सोडू?"

मी तोंड उघडलं.

जीभ टाळूला चिकटली होती. आवाज येईना. मला कळेना, ही भीती आहे, की कोरडं पडलंय, की पुन्हा तेच. बाजूला यंत्राची टिकटिक वाढली. कुणीतरी म्हणालं, "ठीक आहेत ना?" बाई हात वर करून थांबल्या. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, घाई केली नाही, माझ्या वतीने मानही हलवली नाही. त्या नुसत्या थांबल्या. ती तार अजून जोडलेली होती. मी गप्प राहिले असते तर त्यांनी ती परत घेतली असती, आणि मी त्याच दारासकट घरी गेले असते.

"सोडा," मी म्हटलं.

मग मला धीर आला. "लवकर," मी म्हटलं.

पुढचं वन्संनी सांगितलं. बाहेर बाकावर हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. नर्स बाहेर येऊन म्हणाली, झालं, छत्री नीट बसली, आता गुंगीत आहेत, थोड्या वेळाने भेटा. वन्सं म्हणाल्या, मला वाटलं आता हा विचारेल, पुरळ आलं का, छाती दुखते का, निकेल सुटलं तर काय करायचं.

ह्यांनी विचारलं, "सोडायच्या आधी तिला विचारलं?"

"विचारलं ना."

"बोलली?"

"बोलल्या. 'सोडा' म्हणाल्या. वर 'लवकर' म्हणाल्या."

"नीट बोलली? अडखळली नाही? तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"अहो, सगळ्या खोलीने ऐकलं," नर्स म्हणाली.

तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मोठ्याने रडले. वन्सं म्हणतात, वडील गेले तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता.